‘आपले’ ते दिवस

परमुलखात नोकरीनिमित्त राहणारी चार मराठी माणसे एकत्र जमली की प्रथम बदल्यांचा विषय निघतो, मग घरभाडे-भत्त्याचा आणि शेवटी विद्यार्थिदशेचा, असा आमचा अनुभव आहे. पहिल्या दोन विषयांत मतभेद होतात. तिसऱ्यात सहसा होत नाहीत. तेथे वरिष्ठ आणि कनिष्ठ हा भेदही काही काळ मावळतो. ‘गेले ते दिवस!’ असा निःश्वास कोणीतरी सोडतो आणि बाकीचे माना डोलावतात. या एकमताचा आम्हांस पूर्वी मोठा आनंद वाटे. गेल्या संक्रांतीपासून मात्र त्याविषयी मनात एक शंका शिरली आहे. ती वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

दिल्लीतील एका सरकारी वसाहतीत संक्रांतीच्या सायंकाळी आम्ही काही मंडळी जमलो होतो. बाहेर धुके होते आणि आत तिळगुळाची ताटली फिरत होती. जमलेल्यांत दोन ज्येष्ठ अधिकारी होते. दोघेही १९९२ ते १९९४ या काळात औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठात एम. ए.च्या वर्गात होते. विषय मात्र वेगवेगळे. त्या शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. पण आठवणींत गावे आपली जुनीच नावे धारण करून असतात, म्हणून येथे तेच नाव ठेवले आहे. दोघांची ओळख दिल्लीत आल्यावर झाली होती, आणि एकाच विद्यापीठाचे म्हणून तिला थोडा जिव्हाळाही आला होता.

पहिले गृहस्थ रंगून बोलत होते. विद्यापीठामागचे डोंगर, सुटीच्या दिवशी पायी चढून जायची ती लेणी, सोनेरी महालाच्या बाजूने उतरणारे हिवाळ्यातील ऊन, हे सारे त्यांनी आमच्यापुढे उभे केले. गावाहून एसटीने येणाऱ्या डब्याची हकीकत तर त्यांनी फारच सुंदर सांगितली. आई पहाटे भाकरी थापून डबा बांधी, वडील तो गाडीवर देत, आणि बसस्थानकावर त्या गाडीची वाट पाहत चार मित्र उभे राहत. डबा एकाचा, जेवणारे चौघे. पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर खुशाली कळवायची, आणि अगदीच निकड असली तर रात्री उशिरा, दर उतरल्यावर, एसटीडी बूथसमोर रांग लावायची. पैसा नव्हता, पण कशाची वाणही नव्हती, असे ते म्हणाले, आणि शेवटी समारोप केल्यासारखे बोलले, “आपले ते दिवस सोन्याचे होते. तेव्हा कोण कोणत्या जातीचा, हे आपल्याला ठाऊकसुद्धा नव्हते.”

दुसरे गृहस्थ तोपर्यंत हसतमुखाने ऐकत होते. हातातील तिळगूळ तसाच ठेवून ते शांतपणे म्हणाले, “तुम्हांला ठाऊक नव्हते, हे खरे आहे, साहेब. आम्हांला ठाऊक नसून चालण्यासारखे नव्हते.”

या वाक्यात राग नव्हता. एखाद्या टिपणीतील आकड्याची चूक सहकाऱ्याने नजरेस आणून द्यावी, तितक्याच सौम्यपणे ते उच्चारले गेले. पण बैठकीत क्षणभर कोणी काही बोलले नाही.

ज्या वाचकांचा त्या भागाशी संबंध आला नसेल, त्यांच्यासाठी थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. मराठवाड्यातील महाविद्यालये पूर्वी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. औरंगाबादेस स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी. त्याच्याही आधी, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेथे महाविद्यालय सुरू केले होते. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव द्यावे, असा ठराव राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दंगली उसळल्या. खेडोपाडी दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, आणि ठराव कागदावर राहिला. १९७९ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँगमार्च निघाला. तरीही ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. ठरावापासून मोजले तर ही जवळजवळ सोळा वर्षे होतात. आमचे हे दोन्ही अधिकारी ज्या वर्षी तेथे शिकत होते, तेच हे वर्ष. आणि तो दिवसही संक्रांतीचाच होता.

आता प्रश्न असा की, पहिले गृहस्थ खोटे बोलले काय? आमच्या मते, नाही. त्यांचा डबा खरा होता, मैत्री खरी होती, उन्हाचा रंगही खरा असला पाहिजे. सुखाची आठवण ठेवणे हा दोष असेल, तर कृतज्ञता हाही दोष म्हणावा लागेल. बदलीच्या गावी, भाड्याच्या घरात, परक्या भाषेच्या गजबजाटात ज्यांचे आयुष्य जाते, त्यांच्याकडून ही शिदोरी काढून घेण्याइतके आम्ही कठोर नाही. ती आमचीही शिदोरी आहे.

मग चूक कोठे झाली? आमच्या मते ती दोन ठिकाणी झाली.

पहिली चूक काळास श्रेय देण्याची. नव्वदीचे दशक सोन्याचे होते, असे ते दशक भोगलेला विद्यार्थी म्हणतो. साठीचे दशक सोन्याचे होते, असे त्याचा बाप म्हणत असे. आणि आम्ही, ज्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात पदवी घेतली, आमच्याच वर्षांविषयी तसे म्हणू लागलो आहोत. प्रत्येक दशक सोन्याचे असेल, तर ते सोने दशकाचे नव्हे, विशीतल्या वयाचे आहे, हे उघड आहे. शिवाय दारिद्र्याच्या आठवणी गोड वाटतात त्या ते दारिद्र्य संपलेल्यांना. एका डब्यात चौघे जेवलो, हे आज कौतुकाने सांगता येते. कारण त्या चौघांची पाने आज स्वतंत्र मांडलेली आहेत. ज्याचे शिक्षण अर्ध्यावर सुटले, जो परीक्षेस बसूच शकला नाही, तो स्नेहसंमेलनास येत नाही आणि ‘गेले ते दिवस’ असेही म्हणत नाही. आठवणींचे कथन नेहमी पोहोचलेल्यांच्या तोंडून होते. वाटेत राहिलेल्यांची साक्ष कोणी काढीत नाही.

दुसरी चूक सर्वनामाची आहे, आणि आम्हांस ती अधिक गंभीर वाटते. कचेरीत दिवसभर हिंदी बोलणाऱ्या आम्हां मंडळींच्या हे सहसा ध्यानात राहत नाही की, हिंदीचा एकच ‘हम’ जेथे सर्व काम भागवतो, तेथे मराठीने दोन शब्द ठेवले आहेत. ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाऱ्यास वगळून आमची मंडळी. ‘आपण’ म्हणजे ऐकणाऱ्यासह सारे. ‘आम्ही जेवलो’ ही एक बातमी आहे. ‘आपण जेवलो’ म्हणावयाचे तर समोरच्याच्याही पोटात अन्न गेलेले असले पाहिजे. ‘आपण’ हा शब्द उदार आहे, म्हणूनच तो जोखमीचा आहे. तो उच्चारणारा दुसऱ्याच्या वतीने ग्वाही देत असतो. ‘आम्हांला जात ठाऊक नव्हती’ असे पहिले गृहस्थ म्हणते, तर ते एक खरे आणि निरुपद्रवी विधान झाले असते. ‘आपल्याला ठाऊक नव्हती’ असे म्हणताच ते असत्य झाले. दुसऱ्या गृहस्थांनी पुढे सांगितले की, खोली पाहावयास गेल्यावर आडनाव सांगण्यापूर्वी ते क्षणभर थांबत, आणि समोरच्या घरमालकाचा चेहरा वाचीत. चेहरे वाचण्याची विद्या ज्यास शिकावी लागते, त्यास जात विसरण्याची चैन परवडत नाही. एकाचे अज्ञान हे त्याचे सुख होते, आणि दुसऱ्याचे ज्ञान ही त्याची रोजची सावधगिरी होती. दोघांचेही विद्यापीठ एकच होते.

येथे आम्हांस ‘स्मृति’ या शब्दाचा दुहेरी अर्थ आठवतो. आपल्या परंपरेत स्मृति म्हणजे आठवण, आणि स्मृति म्हणजे धर्मशास्त्रही. काहींनी जे स्मरले, ते सर्वांनी पाळावयाचे, असा त्या दुसऱ्या अर्थाचा आशय आहे. तशा एका स्मृतीचे महाडास २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली दहन झाले. आमच्या घरगुती आठवणींची त्या ग्रंथाशी तुलना करण्याचा अतिरेक आम्ही करणार नाही. परंतु काहींच्या आठवणीस सर्वांची आठवण म्हणून मान्यता मिळू लागली, म्हणजे तीही हळूहळू नियमाचे रूप घेते, एवढे खरे. मग जो वेगळे आठवतो, तो बैठकीचा रसभंग करणारा ठरतो. ‘कशाला जुने उकरून काढता?’ असे त्यासच विचारले जाते. वास्तविक जुने उकरण्यास आरंभ दुसऱ्याच कोणी केलेला असतो. त्याने फक्त आपल्या वाट्याचे उकरलेले असते.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. प्रत्येक आठवण सांगताना अशी कोर्टातील साक्षीसारखी काळजी घ्यावयाची, तर गप्पांची गोडी ती काय राहिली? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. गोडी राहावी, असे आम्हांसही वाटते. पण तिळगूळ देताना आपण ‘गोड बोला’ असे म्हणतो ते समोरच्यास काही बोलू देण्यासाठी, आपणच बोलत राहण्यासाठी नव्हे. आठवण सांगणाऱ्याने गप्प बसावे, असे आमचे म्हणणे नाही. त्याने ‘आम्ही’ म्हणून मनमुराद सांगावे. ‘आपण’ म्हणण्यापूर्वी मात्र एकदा विचारावे, ‘आणि तुमचे कसे गेले ते दिवस?’ स्मरणाचे जे काही नीतिशास्त्र असेल, ते आमच्या अल्प बुद्धीस या एका प्रश्नात सामावलेले दिसते.

हे सारे दुसऱ्यांविषयी लिहिणे सोपे आहे. त्या रात्री घरी परतताना आम्हांस आमच्या स्वतःच्या वसतिगृहातील खोलीची आठवण झाली. खोलीत आम्ही तिघे होतो. परंतु गेली कित्येक वर्षे ती हकीकत आम्ही दोघांचीच म्हणून सांगत आलो आहोत. तिसरा सोबती दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुटीस गेला तो परतलाच नाही. शुल्काचा काही प्रश्न होता, असे पुढे कानावर आले. त्याची ट्रंक न्यावयास त्याचे वडील आले होते. आम्ही ती रिक्षापर्यंत उचलून दिली, आणि रिकामी झालेली खाट मिळाली म्हणून तिच्यावर पुस्तके मांडली. ती पुस्तकांनी भरलेली खाट आमच्या आठवणींतील एक रम्य चित्र आहे. पुष्कळदा आम्ही तिचे वर्णन करून सांगितले आहे. ती खाट रिकामी का झाली, हे मात्र आम्ही कधी सांगितले नाही. लपवावे म्हणून नव्हे. ते आठवतच नसे. त्याचा ठावठिकाणा आज आम्हांस ठाऊक नाही. ‘आमच्या खोलीतील ते दिवस’ असे म्हणताना त्याची संमती आम्ही कोणत्या पत्त्यावर मागावी?

संक्रांतीच्या त्या बैठकीचा शेवट सांगून हा लेख संपवितो. काही वेळाने पहिले गृहस्थ म्हणाले, “त्या १४ जानेवारीस मी गावी होतो. गडबड होईल, परिस्थिती निवळेपर्यंत येऊ नकोस, असा घरून निरोप आला, म्हणून आधीच निघून गेलो. आईच्या हातचे तिळाचे लाडू खात होतो. तुम्ही?”

“मी विद्यापीठाच्या कमानीपाशी होतो,” दुसरे म्हणाले. “रोज जाण्यायेण्याची कमान. त्या दिवशी आत गेलो, बाहेर आलो, पुन्हा आत गेलो. असे किती वेळा केले ते सांगता येणार नाही. उगीचच.”

पहिल्यांनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढून घेतली. “सविस्तर सांगा,” ते म्हणाले. “त्या वर्षी परत आल्यावर मी हे कोणाला विचारलेच नाही.”

दुसऱ्यांनी मघाचा तिळगूळ तोंडात टाकला आणि सांगावयास आरंभ केला. त्यांच्याही हकीकतीत डोंगर होते, तेच हिवाळ्याचे ऊन होते, आणि ग्रंथालयात उशिरापर्यंत बसू देणारा एक प्रेमळ शिपाई होता. शेवटची बस चुकवून आम्ही ते ऐकत राहिलो.