ना चालू, ना बंद

आमच्या लहानपणी यंत्रांचा स्वभाव कसा सरळ होता. पंखा एक तर फिरायचा, नाही तर फिरायचा नाही. रेडिओचा कान पिळला की तो बोलायला लागायचा, उलटा पिळला की गप्प बसायचा. यंत्राला चालू आणि बंद अशा दोनच अवस्था असतात, अशी आमची ठाम समजूत होती. अधलीमधली अवस्था ही फक्त माणसाची मिरासदारी. "येणार ना रविवारी मुंजीला?" असं विचारलं की "बघू" म्हणणारी माणसं तेव्हाही घरोघरी होती. हा 'बघू' मराठी भाषेतला मोठा गुणी शब्द आहे. त्यात होकार नसतो, नकार नसतो आणि बघण्याचा तर विचारही नसतो. पंख्याला 'बघू' म्हणता येत नाही, एवढीच माणसाची यंत्रावरची आघाडी शिल्लक होती. मोटारगाडीने तीही घालवली.

हल्लीच्या पुष्कळशा गाड्यांना किल्ली फिरवावी लागत नाही. ती खिशात किंवा पर्समध्ये असली म्हणजे पुरे. (पर्समध्ये असली तर ती आहे हे फक्त गाडीला कळतं, पर्सच्या मालकिणीला कळत नाही.) स्टिअरिंगच्या बाजूला एक वाटोळं बटण असतं. ब्रेकवर पाय ठेवून ते दाबलं की इंजिन सुरू होतं. गिअर हाताने टाकायचे असतील तर क्लचवर पाय ठेवायचा. पण पाय कशावरच न ठेवता नुसतं बटण दाबलं, तर बहुतेक गाड्यांत मोठा गमतीचा प्रकार घडतो. रेडिओ गायला लागतो, मोबाइल चार्ज होऊ लागतो, घड्याळ उजळतं. इंजिन मात्र ढिम्म. गाडी जागी झालेली असते, पण उठलेली नसते. रविवारी सकाळी सात वाजता मी असतो तशी. या अवस्थेला 'अ‍ॅक्सेसरी मोड' म्हणतात. बटण आणखी एकदा दाबलं की समोरचे सगळे दिवे आणि काटे जागे होतात, आणि तिसऱ्यांदा दाबलं की गाडी पुन्हा निजते.

तशी किल्लीच्या गाड्यांतही ही पायरी होतीच. किल्ली एक खटका पुढे सरकवली की रेडिओ लागायचा. पण आपण कितव्या खटक्यावर आहोत हे बोटांना कळायचं. बटणाचं तसं नाही. ते दर वेळी तिथेच आणि तसंच. आपण कुठल्या अवस्थेत आहोत हे एका बारीकशा दिव्याच्या रंगावरून ओळखायचं. काही गाड्यांत तो या मधल्या अवस्थेत पिवळसर असतो आणि ब्रेकवर पाय पडताच हिरवा होतो. चौकातला पिवळा दिवा म्हणजे थांबण्याची तयारी, असं वाहतुकीचे नियम सांगतात. आमच्या पुण्यात त्याचा अर्थ 'घाला लवकर' असा करतात, तो भाग वेगळा.

इथवर यायला माणसाला शंभर वर्षं लागली. आधी गाडीच्या पुढ्यात वाकून हँडल मारावं लागायचं. इंजिनाने उलटा हिसका दिला की मनगटाचं काम व्हायचं. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर बसला आणि पुष्कळ मनगटं वाचली. १९४९ साली क्रायसलरने किल्लीनेच स्टार्टर फिरवायची सोय केली. आपल्याकडच्या जुन्या अँबॅसडरबरोबर मात्र हँडल असायचं, आणि बॅटरी बसली की घरातला सर्वांत दणकट जावई ते घेऊन पुढे व्हायचा. आता सांगा, एवढा घाम गाळून गाडी जागी केल्यावर नुसती गाणी ऐकत बसायचं कोणाला सुचेल? सुरू होणं सोपं झालं, म्हणून तर अर्धवट सुरू होण्याची चैन परवडायला लागली.

तेव्हा प्रश्न असा, की या अर्धवट अवस्थेत बसून राहणं नीतीला धरून आहे का? तुम्ही हसाल. बटण दाबण्यात कसली आली आहे नीती? पण आपल्याकडच्या थोर मंडळींनी या मधल्या जागेवर पुष्कळ डोकं चालवलं आहे. मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा चार अवस्था सांगितल्या. गाडीत डोळे मिटून जुनी गाणी ऐकणाऱ्याला आपण थेट चौथीत पोचलो असं वाटतं. वास्तविक तो दुसरीतच असतो, आणि घोरायला लागला की तिसरीत जातो.

हिरण्यकशिपूची गोष्ट घ्या. दिवसा मरण नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको. देवाने संध्याकाळ निवडली आणि उंबरठा गाठला. म्हणजे मधली जागा देवालाही सोयीची वाटली. उलट धर्मराजाचं बघा. त्याचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. ऐन युद्धात त्याने 'नरो वा कुंजरो वा' केलं आणि रथ खाली टेकला. मालकाच्या गुन्ह्यासाठी वाहनाला शिक्षा झाल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं. टोइंगच्या गाड्या पुष्कळ नंतर आल्या. दोघंही मधल्याच जागी उभे होते. पण नरसिंह उंबरठ्यावर बसला तो काम उरकायला, आणि धर्मराज अर्ध्या वाक्यात शिरला तो जबाबदारी टाळायला. एकाला ती जागा होती, दुसऱ्याला आडोसा.

आडोशाची उदाहरणं शोधायला कुरुक्षेत्रावर जायला नको. कुठल्याही कचेरीत जा. खुर्चीच्या पाठीवर कोट टाकलेला असतो, डोक्यावर पंखा गरगरत असतो, टेबलावर चष्म्याचं घर उघडं असतं आणि शिपाई सांगतो, "साहेब इथेच आहेत." साहेब गेला दीड तास इथेच असतात. मुलगी पाहून, दोन बश्या पोहे खाऊन "कळवतो" म्हणणारे वरपिता घ्या. सोसायटीच्या सभेत "माझा विरोध नाही, मात्र पाठिंबाही समजू नये" असं टिपून घ्यायला लावणारे सभासद घ्या. या सगळ्यांचे दिवे लागलेले असतात, गाणं चालू असतं. समोरच्याला वाटतं, निघालीच गाडी. तो बिचारा बोचकी घेऊन मागच्या सीटवर बसून राहतो. माझ्या मते पाप असलंच तर ते इथे आहे. न निघण्यात काही पाप नाही. निघाल्याचा देखावा करण्यात आहे.

दुसरा मुद्दा खर्चाचा. ही मधली अवस्था फुकट नसते. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. इंजिन चालू असलं की अल्टरनेटर तिला चौदा व्होल्टच्या आसपास दाबाने भरत राहतो. इंजिन बंद ठेवून गाणी लावली की भरणा थांबतो आणि खर्च तेवढा चालू राहतो. रेडिओ खातो किती? दोन-चार अँपिअर. पेन्शनरच्या चहाइतकं. पण स्टार्टरला मात्र एका दमात शंभरच्या वर अँपिअर लागतात, आणि बॅटरी म्हातारी असली तर नेमका तोच दम उरत नाही. म्हणून काही गाड्या वीस मिनिटांनी, काही तासाभराने, आपल्या आपण बंद होतात. एवढी सद्सद्विवेकबुद्धी मी फार थोड्या सभाध्यक्षांत पाहिली आहे.

याच्या उलटा प्रकारही आहे, आणि तो जास्त वाईट. बटणाच्या गाड्यांची इंजिनं इतकी मुकी झाली आहेत की गाडी बंद करायची राहून गेली तरी कळत नाही. अमेरिकेत अशी चालू राहिलेली गाडी घराला लागून असलेल्या गॅरेजात सोडून लोक झोपायला गेले आणि कार्बन मोनॉक्साइडने दगावले. त्या वायूला ना वास, ना रंग. म्हणजे बंद दिसणारी गाडी बंद असतेच असं नाही. हे वाक्य जरा लक्षात असू द्या.

आमच्या इमारतीत माणसांना नावांपेक्षा मजल्यांनी ओळखतात. त्यातले तिसरा मजला हे अत्यंत सज्जन गृहस्थ. रोज संध्याकाळी सव्वासातला येतात, गाडी जागेवर लावतात, इंजिन बंद करतात आणि मग पुन्हा एकदा बटण दाबून गाडीतच बसून राहतात. पंधरा मिनिटं, कधी वीस. आतून जुन्या गाण्याचा बारीक सूर येतो. यावर इमारतीत पुष्कळ तर्क झाले. चौथ्या मजल्याच्या मते नवरा-बायकोचं बिनसलंय. दुसऱ्या मजल्याच्या मते शेअर बाजार. खरं कारण साधं आहे. वर त्यांची आई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली आहे. मुलगा दहावीला. दिवसभर ते कोणाचे तरी साहेब असतात आणि कोणाचे तरी नोकर असतात. दार उघडून आत पाऊल टाकलं की मुलगा, बाप आणि नवरा असे तीन हुद्दे एकदम चालू होतात. मधली ही पंधरा मिनिटं ते कोणीच नसतात.

त्यांची बाजू मी आमच्या सौ.समोर मोठ्या तयारीने मांडली. ते देखावा करीत नाहीत, म्हटलं. ब्रेकला पाय लावलेला नाही, कुठे निघालोय असं कोणाला भासवलेलं नाही. धर्मराजाचा दाखला दिला, नरसिंहाचा दिला. आणि उपमेचं एक गळकं टोकही आपणहून बांधून घेतलं. गाडीची बॅटरी धावताना भरते, माणसाची थांबल्यावर भरते. गाडीला जो खर्च, तोच माणसाला जमा. तेव्हा हा गृहस्थ उधळपट्टी करत नसून बचत करतोय.

सौ. मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. आणि वहिनींचं बटण कुठे असतं?"

इतक्या उपनिषदांना आणि पुराणांना जे सुचलं नव्हतं ते मेथीच्या जुडीतून बाहेर आलं. वहिनींचा दिवस साडेपाचला दुधाच्या पिशवीने सुरू होतो. मग सासूबाईंचं तोंड धुणं, अंग पुसणं, कूस बदलणं, औषधं, डबे, पुन्हा कूस बदलणं. दुपारी त्या खुर्चीवर टेकलेल्या दिसतात, तेव्हाही कान आतल्या खोलीकडे असतो. बंद दिसणाऱ्या गाडीचं मुकं इंजिन ते हेच. आवाज नाही, म्हणून चालू आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. आणि सव्वासात ते साडेसात खाली नवऱ्याची बॅटरी भरत असते, तेव्हा ती वीज कुठून येते? तिसऱ्या मजल्यावरून.

म्हणून मला वाटतं, थांबावं की नाही हा खरा प्रश्नच नव्हे. थांबावंच. जो कधीच थांबत नाही तो एक दिवस भलत्याच ठिकाणी थांबतो. प्रश्न आहे तो आपण थांबलो तेव्हा कोण चालू होतं याचा. मधली जागा ही माणसाच्या हक्काची आहे, पण ती घरात एकालाच असली की तिची मालमत्ता होते, आणि मालमत्ता म्हटली की हिस्सा आलाच.

पुढे काय झालं ते मला नीटसं ठाऊक नाही. कोण कोणाशी काय बोललं हे मी सौ.ना विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्या "बघू" म्हणाल्या असत्या. पण हल्ली तिसरा मजला सव्वासातला थेट वर जातात, आणि दोन मिनिटांनी वहिनी पर्स घेऊन खाली येतात. त्यांना गाडी चालवता येत नाही. लागतही नाही. कशावरही पाय न ठेवता बटण दाबायचं, एवढंच तर काम. पहिल्या दिवशी त्या मागच्या सीटवर बसल्या, दुसऱ्या दिवशी पुढे, आणि तिसऱ्या दिवसापासून स्टिअरिंगसमोर. त्यांची गाडी वीस मिनिटांनी आपोआप निजणाऱ्यांपैकी आहे. गाणं थांबलं की त्या उठून वर जातात. त्यांच्यानंतर कधी कधी ते उतरतात.

पूर्वी गाडी बंद पडली की गल्लीतली चार माणसं धक्का द्यायची, आणि धक्क्याबरोबर फुकटचा सल्लाही द्यायची. आपोआप गिअर बदलणाऱ्या आजच्या गाड्या धक्क्याने सुरू होत नाहीत. दुसरी गाडी शेजारी आणून उभी करावी लागते आणि जंपर केबल लावून तिच्या बॅटरीतली थोडी वीज द्यावी लागते. सल्ल्याने भागत नाही, स्वतःतलं काही काढून द्यावं लागतं. हे सौ.ना कोणी शिकवलं कोण जाणे. त्यांनी गाडीचं बॉनेट आजवर उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही. पण मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी त्या तिसऱ्या मजल्यावर आजींजवळ जाऊन बसतात. त्या दिवशी खाली गाडीत दोघंही असतात. इंजिन बंद, रेडिओ चालू. चौथ्या मजल्याची खात्री आहे की गाडी बिघडली आहे. ते आजवर दोनदा केबल घेऊन मदतीला खाली उतरले.