पन्नास पैशांची साक्ष

पंधराएक वर्षांमागे माण तालुक्यातल्या एका गावी आम्ही सप्ताहाला गेलो होतो. पाऊस दडी मारून बसलेला. पारावर एक वृद्ध पंच म्हणाले, "महाराज, आकडा बावन्न निघतोय. पन्नासाच्या आत आला तर सवलती लागतील. दोन पैशांचं खोटं, त्याचं काय एवढं पाप?"

पूर्वी रुपयाचे सोळा आणे धरून पिकाची आणेवारी काढीत, हल्ली शंभर पैसे धरतात. निवडक शेतांतल्या ठरावीक तुकड्याची कापणी करून धान्य जोखायचे आणि प्रमाण उत्पन्नाशी ताडायचे. पन्नासाच्या आत भरले की शेतसाऱ्यात सूट, वसुलीला स्थगिती, पोरांच्या परीक्षेची फी माफ. माण-खटावाला काय नि तिकडे जत-आटपाडीला काय, या आकड्याकडे डोळे लागलेले असतात. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने जमिनीतली ओल आणि उपग्रहाला दिसणारी हिरवळही साक्षीला आणली. उपग्रहाला भीड पडत नाही, हे खरे.

वेदान्तातला साक्षी उदासीन असतो. तो पाहतो, करीत काही नाही. पण भुकेच्या साक्षीदाराला हे सोवळे शोभेल काय? साऱ्या जगाच्या पिकांवर नजर ठेवण्याची व्यवस्था १९७० नंतरच्या दशकात उभी राहिली. सोमालियाविषयी तिचे इशारे २०१० सालीच सुरू झाले होते. दुष्काळ जाहीर झाला जुलै २०११ मध्ये. पुढच्या अभ्यासात मृतांचा अंदाज सुमारे २,५८,००० निघाला, आणि त्यांतले पुष्कळ जाहीर होण्यापूर्वीच गेले होते. पाहणारे पाहत होते, श्रोते हो!

मग वृद्धाला काय सांगावे? त्यांनीच दामाजीपंतांचे नाव काढले. आम्ही म्हणालो, "बाबा, पंतांनी माप खोटं लिहिलं नाही. कोठार उघडलं आणि शिक्षेला स्वतःची मान पुढं केली. आपण आकडा वाकवला तर दोष कागदावर जातो, आणि उद्या शेजारच्या गावचा खरा चाळीसही कुणी खरा मानीत नाही."

"ते पटलं," म्हातारा म्हणाला, "पण बैलं बावन्न खात न्हाईत, महाराज."

याला शास्त्रात उत्तर असेल. आम्हांला त्या वेळी सुचले नाही. एकावन्नला पोट भरते आणि एकोणपन्नासला उपाशी, असे शेताला कुणी सांगितले आहे? रेघ कारभाराच्या सोयीची. मदतीने तिच्यासाठी खोळंबावे, हे आम्हांला आजही पटत नाही.

कागदावर बावन्नच लिहिले गेले. वाटखर्चाचे पैसे आम्ही तिथेच चाऱ्यासाठी ठेवले. ते किती दिवस पुरणार, हे म्हाताऱ्यालाही ठाऊक होते आणि आम्हांलाही.