फाऊल आणि रडी



सुट्टी लागून मुले अंगणात खेळू लागली की दोन शब्द सारखे कानी पडतात, 'फाऊल' आणि 'रडी'. आपण मोठी माणसे दोन्हींना 'चूक' म्हणून मोकळे होतो. मुले मात्र गल्लत करीत नाहीत. पळण्याच्या भरात पाय रेषेपलीकडे पडला, तर तो फाऊल. हात लागल्याचे ठाऊक असूनही 'लागलाच नाही' म्हणून भांडत राहिले, तर ती रडी. फाऊल करणाऱ्याला कोणी खेळातून काढीत नाही. रडीचा डाव खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी भिडू म्हणून घेत नाही.

खो-खोतला फाऊल तर विचार करण्याजोगा आहे. (जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेला या खेळाचा पहिला विश्वचषक आपल्या पुरुष व महिला, दोन्ही संघांनी जिंकला, हे मुलांनी सांगितलेच असेल.) पारंपरिक नियमांप्रमाणे पाठलाग करणाऱ्याने धावताना दिशा बदलली किंवा मध्यपाटी ओलांडली की पंचाची शिट्टी वाजते. त्याने तेथेच थांबून उलट दिशेने जायचे. फाऊल करून गडी बाद केला असेल, तर तो बाद धरीत नाहीत. मिळालेला फायदा सोडला की खेळ पुढे सुरू.

पवित्र शास्त्रात पापासाठी येणारा एक हिब्रू शब्दही मुळात नेम चुकण्याचा आहे. शास्ते या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात बन्यामीन वंशातील सातशे डावखुरे गोफणकरी आहेत. केसावर धोंडा मारला तरी ते चुकत नसत. तेथे 'चुकणे' यासाठी तेच क्रियापद आहे. यावरून कोणी म्हणतात, पाप म्हणजे नेम चुकणे, त्यात एवढे काय? आम्हांला हे पटत नाही. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथानुसार प्राणघातक पापाला गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि स्वेच्छेने दिलेली संमती, ही तिन्ही लागतात. नेम चुकलेल्याला तो चुकवायचा नव्हता.

आता आपल्या वडगाव परिसरातलेच पाहा. बांध कोरण्याची खोड जुनी आहे. दरवर्षी नांगर बोटभर आत सरकतो आणि शेजारी बोलला की 'चुकून गेला' असे उत्तर मिळते. खरोखर चुकणारा नांगर कधीतरी आपल्याही बाजूला चुकला असता. हा नेमका शेजाऱ्याकडेच चुकतो!

पापनिवेदनाच्या वेळी हेच आपण 'काही चुका झाल्या' एवढ्यावर आटोपतो. फादर क्षमेचे शब्द उच्चारतात, कोरलेला बांध तसाच राहतो. जक्कयाने प्रभूला घरी घेतले, तेव्हा अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याची त्याची तयारी होती (लूक १९). चौपट जमीन आपण कोठून आणणार? घेतली तेवढी तरी मोजणी करून, शेजाऱ्याच्या देखत खुंट्या रोवून परत द्यावी. नांगरटीआधीच हे उरकावे. ऊस उंच झाला की बांध दिसतही नाही.