मायेच्या नावाखाली राहिलेलं देणं

रोवणीच्या दिवसांत दवनीवाडा परिसरातल्या बायका सकाळीच बांधीत उतरतात. दिवसभर चिखलात वाकून धानाचे पऱ्हे लावायचे, तर घरातलं तीन वर्षांचं पोर कुणाच्या हवाली करायचं? अनेक घरांना आधार असतो तो अंगणवाडीचा. तिथली ताई, म्हणजे सेविका, त्याला गाणी शिकवते, त्याचं वजन-उंची मोजते. मदतनीस त्याला खाऊ घालते. त्यांच्या भरवशावर आई रोजी कमावते. त्या रोजीत या दोघींच्याही श्रमाचा वाटा असतो. आपण तो हिशेबात धरत नाही.

अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात, ती एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. पन्नास वर्षं उलटली, तरी सेविका आणि मदतनीस यांना वेतन नाही, मानधन मिळतं. त्यांना कामगाराचा दर्जा, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेने 2013 मध्येच केली होती. गुजरातमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 25 एप्रिल 2022 ला त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला आणि हे काम अर्धवेळ असल्याचा युक्तिवाद फेटाळला. तरीही डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसांना संपावर जावं लागलं. तो संप पन्नासहून अधिक दिवस चालला. पुढे 2024 मध्ये सेविकेचं मानधन 10,000 वरून 13,000 रुपये झालं. मदतनिसाच्या वाट्याला आले 7,500.

सेविका-मदतनिसांविषयी आपण आदराने बोलतो. त्या मुलांवर आईसारखी माया करतात, असं म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण माया ही त्यांनी मनाने दिलेली गोष्ट आहे. तिच्याकडे बोट दाखवून श्रमाचं मोल कमी करणं हा अन्याय आहे. पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी, घरोघरची सर्वेक्षणं, लाडकी बहीण योजनेचे अर्ज, ही कामं काही मायेपोटी झालेली नाहीत. ती शासनाने सांगितली म्हणून झाली. काम सांगणाऱ्याने आजारपणाची, बाळंतपणाची आणि म्हातारपणाची जबाबदारीही उचलली पाहिजे.

आणि आपण? मानधन वेळेवर आलं का, हे ग्रामसभेत विचारता येतं. ग्रॅच्युइटी आणि किमान वेतनासाठी ठराव घेता येतो. त्या पुन्हा संपावर गेल्या, तर ‘आता मुलांचं काय?’ हा प्रश्न त्यांना विचारू नये. तो शासनाला विचारावा, आणि विचारताना त्यांच्या बाजूला उभं राहावं.