केस कुणाची?

लॉ कॉलेजात गेलेल्या आपल्या पोरांच्या डोळ्यांपुढं बहुधा हायकोर्ट असतं. काळा कोट, जनहित याचिका नि पिंजऱ्यात उभी सबंध व्यवस्था. स्वप्न वाईट नाही. पण कॉलेजच्या कायदा मदत केंद्रात जो वस्तीतल्या माणसाची तक्रार लिहायला बसलाय, त्याला पुस्तकात नसलेला एक प्रश्न पडतो. केस कुणाची?

समजा, एक मजूर बाई आलीय. जातीवरून शिव्या दिल्या, मारलं. विद्यार्थ्याला सनद नाही, कोर्टात उभं राहता येत नाही. म्हणून ऐकायचं. शिवी जशीच्या तशी लिहायची. 'जातिवाचक बोलले' असं सोवळं लिहिलं की फिर्याद पोकळ होते. घटना लोकांच्या नजरेसमोर घडली का, हेही विचारायचं, कारण शिवीगाळीच्या गुन्ह्यात कायदा ते बघतो. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं तिला फुकट वकील मिळतो, अनुसूचित जातीला उत्पन्नाची अट नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम 15अ 2016 पासून लागू आहे. आरोपीच्या जामिनावेळी तिचं म्हणणं ऐकावंच लागतं. हे तिला सांगायचं. इथवर सोपं आहे.

मग ती म्हणते, "मिटवायचं हाय. पेरणीला त्याच्याच रानात जावं लागतंय."

आता? कायद्यानं हा गुन्हा तडजोडीचा नाही. प्रत्यक्षात साक्ष फिरते नि केस पडते. कार्यकर्त्याचं रक्त उसळतं. ती मागं हटली तर उद्या दुसरीवर हात टाकायला गाव मोकळं. खरंय ते. पण आपण संध्याकाळच्या एसटीनं परतणार, ती तिथंच राहणार. दुसरीकडं मजुरी कुठली? साक्षीदाराला कोण सांभाळणार? तारखेच्या दिवशी बुडालेला रोज कोण भरणार? याची सोय न लावता तिला 'लढ' म्हणणं म्हणजे आधी मालकानं राबवलं, आता चळवळीनं राबवायचं. सोय लावली नि तरी ती नको म्हणाली, तर? मला वाटतं, तिचं ऐकावं. यावर आपल्यात भांडण होईल; व्हावं.

चवदार तळ्याचा दावा आठवा. 1927 च्या डिसेंबरात महाडच्या सवर्णांनी तो लावला, त्यात बाबासाहेब प्रतिवादी. बॅरिस्टर असून दाव्यात ओढलेला माणूस. कोर्टाची मनाई आली तेव्हा सत्याग्रह तहकूब करायचा का, हे त्यांनी जमलेल्या लोकांपुढं, परिषदेत मांडलं. हायकोर्टाचा निकाल लागला 17 मार्च 1937 ला. नऊ वर्षांहून जास्त.

जनहित याचिकेत नेमका हाच धोका असतो. सुप्रीम कोर्टानं 1980 च्या दशकात साधं पत्रही याचिका म्हणून घेतलं, मोठं दार उघडलं. पण ज्याच्या नावानं ती चालते, तो माणूस पुष्कळदा कोर्टाच्या आवारातही नसतो. निकालाची प्रत त्याच्या वस्तीत कोण वाचून दाखवतं? केंद्रात बसलेला वकील निदान त्याचं गाव नि घर ओळखून असतो.