वनशोभा आणि मोळी

घोडबंदरच्या रस्त्यावर चेणे नांवाचें एक लहान गांव आहे. मागें राष्ट्रीय उद्यानाचें अरण्य, पुढें वसईची खाडी आणि अरण्यांतून खाडीकडे वाहणारी चेणे नदी. शहरवासी लोक तेथें विश्रांतीसाठीं जातात. आम्हीही एका रविवारीं गेलों होतों. पाण्यांत पाय सोडून वनशोभेचें कौतुक चाललें असतां डोक्यावर मोळी घेतलेली एक वृद्ध आदिवासी स्त्री समोरून आली. आमच्या मुखांतून सहज शब्द गेले, "बाई, कशाला झाडें तोडतां?" ती क्षणभर थबकली. "तोडलीं नाहींत, साहेब, पडलेल्या काटक्या आहेत," एवढेंच बोलून ती निघून गेली.

तें उत्तर खरें कीं खोटें, हा प्रश्न गौण आहे. तिला जाब विचारण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला, हा खरा प्रश्न होय.

अरण्य राखणें हें प्रत्येकाचें कर्तव्य आहे, असें कोणी म्हणेल, आणि तें आम्हांस मान्य आहे. परंतु अरण्यें काय मोळ्यांनीं ओसाड झालीं? आमच्या वडिलोपार्जित घराचे खांब व दारें सागवानीच आहेत. मुंबईच्या गोदींत १८१७ सालीं बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडांत अद्याप जतन करून ठेविली आहे. तिचें सागवान मलबारचें. ती बांधणाऱ्या वाडिया घराण्याचें नांव इतिहासांत आहे. ते वृक्ष तोडणाऱ्यांचें नाहीं. ठाणें जिल्ह्यांतील वारल्यांना तर जंगलांतील कामाच्या योग्य मजुरीसाठीं १९४६ सालीं संप करावा लागला. वनवासी लोकांवर पूर्वापार अन्याय झाला, ही कबुली कायद्यांत येण्यास २००६ साल उजाडलें.

तात्पर्य, लांकूड आम्हीं वापरलें आणि दोष मात्र मोळीवालीच्या माथीं मारला. सौंदर्याचा आस्वाद घेणें हें पाप नव्हे; तथापि ज्याला चूल पेटविण्याची चिंता नाहीं, त्याला वनप्रेम फार स्वस्त पडतें. जें प्रेम स्वतः कांहींच सोडीत नाहीं आणि दुसऱ्यानें सोडावें अशी अपेक्षा करितें, त्याला नीति म्हणावें कीं केवळ अभिरुचि?

त्या दिवशीं आम्ही घरीं परतलों आणि आपलें सागवानी दार उघडून आंत गेलों. तें दार त्या मोळीहून किती तरी जड होतें.