आस्वादाची भाषा आणि विसरलेला हात

उंची, हाताने वळलेल्या सिगारच्या आस्वादाची एक स्वतंत्र परिभाषा घडलेली आहे. भाजलेली कॉफी, कोको, कातडे, मिरी, पावसाने भिजलेली माती हे तिच्यातील नेहमीचे शब्द. यांपैकी एकही पदार्थ सिगारमध्ये नसतो. त्याच परिभाषेत ‘हाताने वळलेली’ हेही एक गौरवाचे विशेषण असते. आणि हात मात्र सिगारच्या घडणीत खरोखरच असतो. तरीही रसिक कॉफी आणि कातडे यांविषयी बोलतो, हाताविषयी बोलत नाही. जे नाही त्याचे सूक्ष्म वर्णन आणि जे आहे त्याच्या वाट्याला केवळ एक विशेषण, ही विसंगती निव्वळ भाषिक आहे की नैतिकही आहे? हा प्रश्न सिगारपुरता मर्यादित नाही. परंतु सिगारच्या निमित्ताने तो विशेष उघडा होतो.

डेव्हिड ह्यूम याने अभिरुचीच्या निकषाविषयीच्या १७५७ मधील निबंधात ‘डॉन किहोटे’तील एक गोष्ट आधाराला घेतली आहे. सांचोच्या दोघा नातलगांना पिंपातील मद्याची पारख करण्यास सांगितले जाते. मद्य उत्तम, पण त्याला कातड्याची किंचित चव आहे, असे एकाचे मत पडते. दुसऱ्याला लोखंडाची चव जाणवते. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी कातडी वादी अडकवलेली एक जुनी किल्ली सापडते. रुचीची सूक्ष्मता म्हणजे वस्तूत असलेल्या गुणांची नेमकी जाणीव, असे ह्यूमचे म्हणणे; किल्ली हा तिचा पुरावा. सिगारच्या रसिकालाही कातड्याची चव लागते. पण सिगार जळून जाते आणि मागे राख उरते. मग या चवीला पुरावा कोणता?

कांटच्या लेखी हा प्रश्न फारसा उद्भवला नसता. १७९० च्या ग्रंथात ‘सुखद’ आणि ‘सुंदर’ यांत भेद करताना त्याने कॅनरी मद्याचे उदाहरण घेतले आहे. ते ‘मला’ सुखद आहे एवढेच म्हणता येते. इतरांनीही तसे मानावे, असा दावा करता येत नाही. सिगारही याच वर्गात पडेल. भारतीय परंपरेने जिभेच्या चवीला इतके दूर लोटलेले नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रसनिष्पत्ती समजावताना अन्नाचाच दृष्टांत दिला आहे. नाना व्यंजने, औषधी आणि द्रव्ये यांच्या संयोगातून रस निर्माण होतो आणि सुमनस आस्वादक हर्ष पावतो, तसेच नाट्याचे. रस कोणत्याही एका द्रव्यात नाही, संयोगात आहे; आणि आस्वाद घेणाऱ्याचे मन त्यासाठी तयार असावे लागते. सिगारच्या चवीचे स्वरूप या चौकटीत चांगले उलगडते. परंतु संयोग आपोआप होत नाही. द्रव्ये आहेत, भोक्ता आहे. त्यांच्यामध्ये उभा असलेला आचारी मात्र दृष्टांतात अनुल्लेखित राहतो. हात नाहीसा होतो तो नेमका याच जागी.

हा संयोग कसा घडतो ते पाहिले की किल्लीचा माग लागतो. क्यूबातील पिनार देल रिओ प्रांतातला व्हुएल्ता अबाहो हा भाग उत्तम तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. सिगारवर बाहेरून गुंडाळायचे पान तेथे कापडाच्या छताखाली वाढवतात; आत भरायची पाने उघड्या उन्हात वाढतात. शेंड्याकडचे ‘लिहेरो’ पान जहाल असते आणि सावकाश जळते, मधले ‘सेको’ सुगंध देते, खालचे ‘व्होलादो’ चांगला पेट घेते. वाळवलेल्या पानांच्या थप्प्या रचल्या की त्या आतून तापतात, आंबतात. अमोनिया निघून जातो आणि चवीचा उग्रपणा निवतो. मग तोर्सेदोर, म्हणजे सिगार वळणारा कारागीर, ही पाने मुठीत अशी गोळा करतो की त्यांच्यामधून हवेला वाट राहावी. त्यांवर तो बांधणीचे पान आणि शेवटी बाहेरचे पान चढवतो. ‘चावेता’ नावाचे गोलसर धारेचे सपाट पाते हे त्याचे मुख्य हत्यार. भरण फार घट्ट झाले तर धूर ओढला जात नाही; सैल राहिले तर सिगार भराभर तापून जळते आणि कडू लागते. म्हणजे रसिक जिला ‘चव’ म्हणतो तिच्यात बोटांच्या दाबाचाही अंश असतो. राखेच्या तळाशी असलेली किल्ली ती हीच.

या हातांमागे मनेही होती, याला इतिहासाची साक्ष आहे. १८६५ मध्ये हवानातील ‘एल फिगारो’ कारखान्यात कामगारांना वाचून दाखवण्याची प्रथा सुरू झाली. काम चालू असताना वाचक वर्तमानपत्रे आणि पुस्तके मोठ्याने वाची; त्याचे वेतन कामगार आपल्या मजुरीतून देत. पुढच्याच वर्षी वसाहतीच्या शासनाने या वाचनावर बंदी घातली. प्रथा मात्र पुन्हा उभी राहिली आणि स्थलांतरितांबरोबर फ्लोरिडातील टँपापर्यंत गेली. तेथील मालकांनी १९३१ मध्ये वाचकांना हटवले, तेव्हा कामगारांनी काम बंद केले. १९३५ मध्ये निघालेल्या ‘मोंतेक्रिस्तो’ या छापाला ड्यूमाच्या कादंबरीवरून नाव मिळाले. ती कारखान्यातील श्रोत्यांची आवडती होती, असे सांगतात. सिगारच्या पट्टीवर कादंबरीच्या नायकाचे नाव आले. ती कादंबरी ऐकत बोटे चालवणाऱ्यांचे आले नाही.

फेर्नांदो ओर्तिस याने १९४० च्या आपल्या ग्रंथात तंबाखू आणि साखर यांना समोरासमोर उभे केले: साखर एकजिनसी आणि निनावी, तंबाखू निवडीचा, व्यक्तिविशिष्ट, हातच्या कसबाचा. हा भेद मोहक आहे. पण केवळ हातकामामुळे प्रतिष्ठा मिळत नाही, हे महाराष्ट्रात सहज दिसते. सोलापूर किंवा सिन्नर येथील स्त्रिया विडी वळतात तीही हातानेच. मांडीवर सूप, मापाने कापलेले टेंभुर्णीचे पान, त्यात बेताचा तंबाखू, वर दोऱ्याचा वेढा. येथेही बोटांना दाबाचे ज्ञान लागते. भारतीय संसदेने १९६६ मध्ये केलेल्या कायद्याच्या नावात विडी कामगार आणि सिगार कामगार एकत्र आले. रसिकतेच्या भाषेत ते एकत्र येत नाहीत. ‘हाताने वळलेली विडी’ असे कोणी कौतुकाने म्हणत नाही. विडीची मजुरी हजारावर मोजतात, आणि काही विड्या नापास ठरवून त्यांचे पैसे न देणे ही या धंद्यातील जुनी तक्रार आहे. तेथे पारख म्हणजे आस्वाद नव्हे, कपात.

वस्तूचे मूल्य तिच्या उत्पत्तीवरून ठरवणे हा तर्कदोष आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. कलाकृतीच्या स्वायत्ततेचा हा आग्रह मराठी समीक्षेला अपरिचित नाही. तो मान्य केला तरी प्रस्तुत ठिकाणी तो लागू पडत नाही. हात हा सिगारचा केवळ पूर्वेतिहास नाही, तो तिच्या चवीचा घटक आहे. शिवाय ‘हाताने वळलेली’ म्हणून जो अधिक किंमत मोजतो, त्याने हाताला आस्वादाच्या आत आधीच घेतलेले असते. आत घेऊन त्याच्याकडे न पाहणे याला स्वायत्तता म्हणता येत नाही. श्रमाच्या स्मरणाने आस्वाद निर्दोष होतो, असेही नव्हे. धुराने भोक्त्याला आणि तंबाखूच्या धुळीने कामगाराला होणारा अपाय त्याने कमी होत नाही. मागणी एवढीच की, सूक्ष्मतेचा दावा करणाऱ्याने ती अर्ध्यावर सोडू नये. सांचोच्या नातलगांनी किल्ली पाहिली नव्हती, तरी त्यांच्या जिभेला ती कळली होती. नसलेले कातडे ओळखणाऱ्या आणि असलेला हात न ओळखणाऱ्या जिभेला सूक्ष्म म्हणावे का, हे ह्यूमच्याच निकषावर तपासावे लागेल.